ग्रॅनाईटचा ओटा ओला असताना चकाकतो, वाळला की धुरकट: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

ओटा ओल्या फडक्याने पुसला की आरशासारखा दिसतो. पाच मिनिटांत वाळतो आणि पुन्हा तोच धुरकटपणा: फडक्याचे फटकारे, बोटांचे ठसे, दिव्याचं फिसकटलेलं प्रतिबिंब. मग आपण पॉलिशची बाटली आणतो. आठ दिवस बरं दिसतं, नवव्या दिवशी आधीपेक्षा वाईट. पुन्हा बाटली. हे चक्र मी स्वतः वर्षभर फिरवलं आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

माझे डोळे उघडले ते एका डब्यामुळे. कोपऱ्यात एक जड डबा कित्येक वर्षं हलला नव्हता. तो उचलला तर खाली गोल चकती, अगदी नव्या दगडासारखी काळीभोर आणि लखलखीत. पहिला विचार आला की बाकीचा ओटा झिजला आणि एवढाच तुकडा वाचला. पण दुसरीही शक्यता होती: बाकीच्या ओट्यावर काहीतरी साचलंय आणि डब्याखाली ते पोचलंच नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. झीज असेल तर दगड घासून पुन्हा गुळगुळीत करावा लागतो. थर असेल तर तो फक्त काढायचा असतो, वर आणखी काही लावायचं नसतं. डब्याशेजारची हातभर जागा ॲसिटोनने पुसली आणि दहा मिनिटांत निकाल लागला. फडकं करडं, चिकट झालं आणि खालून डब्याखालचाच दगड वर आला. वर्षभर मी पॉलिशवर पॉलिश चढवत होतो.

घरातला ग्रॅनाईट निस्तेज झाला असेल तर बहुतेक वेळा तो झिजलेला नसतो, झाकला गेलेला असतो. तरी हे गृहीत धरू नका, तपासा. तपासणीला अर्धा तास पुरतो.

चकाकी येते कुठून

ग्रॅनाईटची चकाकी म्हणजे त्यावर चढवलेलं वार्निश नव्हे. कारखान्यात दगडाची लादी पाणी सोडत, आधी जाड आणि मग बारीक होत जाणाऱ्या अपघर्षकांनी घासतात. पृष्ठभाग इतका सपाट होतो की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो. दगड स्वतःच चकाकतो. म्हणून 'पॉलिश उडालं, पुन्हा लावा' हे लाकडाच्या बाबतीत बरोबर असेल, ग्रॅनाईटच्या बाबतीत नाही. बाटलीतल्या बहुतेक पॉलिशमध्ये मेण, सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक असतं. ते दगडात शिरत नाही, वर बसतं, आणि तेल, साबण, धूळ यांना धरून ठेवतं.

आता झीज. खनिजांची कठीणता १ ते १० अशी सांगणाऱ्या मोह्स मापावर क्वार्ट्झची कठीणता ७, फेल्डस्पारची साधारण ६, तर सुरीच्या पोलादाची साधारण ५.५. ग्रॅनाईट मुख्यतः पहिल्या दोन खनिजांचा असतो. म्हणजे फडकं, स्पंज, अगदी सुरीसुद्धा त्याची चकाकी सहजी उतरवत नाही. सुरीने ओट्यावर रेघ उठली असं वाटलं तर ती बहुधा सुरीच्या धातूची करडी खूण असते, आणि धार गेलेली असते सुरीची. अपवाद अभ्रकाचा. काळं अभ्रक, म्हणजे बायोटाइट, मोह्स मापावर २.५ ते ३ एवढं मऊ असतं आणि पापुद्र्यांनी सुटतं. त्यामुळे ग्रॅनाईटवर टाचणीच्या टोकाएवढे बारीक खळगे असतात. ते पहिल्या दिवसापासून तिथे असतात, आपल्याला दिसतात मात्र काळजी करायला लागल्यावर.

बाजारात 'काळा ग्रॅनाईट' म्हणून जे मिळतं ते भूशास्त्राच्या भाषेत बहुधा ग्रॅनाईट नसतंच. ते गॅब्रो, डोलेराइट किंवा त्यांच्या नात्यातले खडक असतात, ज्यांत क्वार्ट्झ जवळपास नसतो. निगेच्या दृष्टीने फरक थोडाच: तेही कठीण आणि घट्ट असतात. पण काळ्यावर प्रत्येक ठसा, प्रत्येक थेंब दिसतो. फिक्या ठिपकेदार दगडावर तेवढाच थर असूनही महिनोन्‌महिने कळत नाही. 'आमचा काळा दगड खराब निघाला' ही तक्रार अनेकदा दगडाची नसते, रंगाची असते.

आधी तपासणी, मग बाटली

एक हातभर जागा निवडा, शक्यतो सगळ्यात धुरकट. सगळे प्रयोग तिथेच करायचे.

रात्री दिवे बंद करून टॉर्च ओट्याला जवळपास टेकवून, आडवी धरा. थर असेल तर पुसल्याच्या दिशेने फटकारे आणि ढगांसारखे पट्टे दिसतात, बोट फिरवलं की रेघ उठते. झीज असेल तर असंख्य बारीक ओरखडे किंवा एकसारखा मंद पट्टा दिसतो, आणि बोट फिरवून काही बदलत नाही. ओट्यावर झीज कुठे आहे तेही बोलकं असतं: सिंकच्या पुढ्यात, जिथे भांडी ओढली जातात, तिथेच तेवढा मंद पट्टा असेल तर झीजेचा संशय घ्या. मागच्या भिंतीलगत, जिथे कोणी काही ओढत नाही, तिथेही तितकाच धुरकटपणा असेल तर तो थर समजा.

ओला असताना चकाकतो म्हणजे दगड चांगलाच आहे, असं मात्र समजू नका. पाणी खरखरीत पृष्ठभागाच्या खाचाही भरतं आणि झिजलेला दगडही ओला असताना छान दिसतो. ही खूण दोन्हीकडे सारखीच लागू आहे, त्यामुळे तपासणीला तिचा उपयोग नाही.

पुढची पायरी, नवं दाढीचं पातं. जागा ओली करा, पातं जवळपास आडवं धरा आणि हलकेच पुढे ढकला. टोक खुपसायचं नाही. पात्यावर पांढरी भुकटी आली तर पाण्यातले क्षार. मेणासारखी सालं किंवा करडा चिखल आला तर पॉलिश आणि साबण. काहीच आलं नाही तर थर अगदी पातळ आहे किंवा नाहीच.

मग पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब. जिथे पांढरट डाग आहे तिथे बुडबुडे आले तर तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा थर. पण स्वच्छ जागेवरही बुडबुडे आले, किंवा थेंब पुसल्यावर खाली मंद ठसा राहिला, तर इथेच थांबा. तुमचा दगड ग्रॅनाईट नसून संगमरवर किंवा चुनखडीच्या जातीचा आहे आणि पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

शेवटी पांढरं सुती फडकं आणि ॲसिटोन. गॅस बंद, खिडक्या उघड्या, हातमोजे घालून. ॲसिटोनची वाफ सहज पेट घेते, त्यामुळे गॅसच्या शेगडीचा ओटा असेल तर ही सूचना वाचून पुढे जाऊ नका, आधी जाऊन बटण बघून या. फडक्यावर करडा मळ आला आणि दगड उजळला तर थर होता. फडकं काळं झालं आणि दगड फिका पडला तर वेगळंच प्रकरण आहे. ते शेवटी सांगतो.

एवढं झाल्यावर साफ केलेल्या जागेची तुलना कधीच न वापरलेल्या जागेशी करा: एखाद्या जड यंत्राखालचा कोपरा, ओट्याची उभी कड किंवा भिंतीवरची पट्टी. दोन्ही सारखे दिसले तर तुमच्या दगडाला काहीही झालेलं नाही. साफ करूनही मंदच राहिला तर ती खरी झीज.

साबणाचा थर

सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा. साबणातली स्निग्धाम्लं जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडली गेली की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. भांड्यांच्या द्रवरूप साबणाचं असं होत नाही, पण तो जास्त घेतला आणि नीट धुतला नाही तर तो स्वतःच वाळून पापुद्रा होतो. त्यावर स्वयंपाकाच्या वाफेतलं तेल बसतं, त्यावर धूळ.

उपाय कंटाळवाणा आहे आणि हमखास लागू पडतो. कोमट पाण्याच्या भांड्यात साबणाचे दोन-तीन थेंब. थेंब म्हणजे थेंबच, धार नव्हे. त्याने पुसा, मग नुसत्या स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा, आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने कोरडं करा. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. ओटा आपोआप वाळू दिला की पाण्यातलं जे काही होतं ते जागेवर राहतं.

तरीही ओशटपणा राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून फडक्यावर घ्या आणि पुसून कोरडं करा. हेही ज्वलनशील आहे, तोच नियम.

हा थर परत परत का येतो याचं उत्तर बहुतेकदा फडक्यात असतं. भांडी पुसून ओशट झालेलं, कालचं ओलं फडकं ओट्यावर फिरवलं तर आपण तेलाचा पातळ हात देत असतो. ओट्याचं फडकं वेगळं ठेवा. ते धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. ते धाग्यांवर चिकटून बसतं, तिथून काचेवर आणि दगडावर उतरतं, शिवाय मायक्रोफायबरचं पाणी शोषणंही मंदावतं. मला हे समजायला लाज वाटावी इतका वेळ लागला.

मेण, सिलिकॉन, जुनं पॉलिश

यावर साबणाचा काही परिणाम होत नाही. ॲसिटोन किंवा मिनरल टर्पेंटाइन लागतं. एका वेळी वहीच्या पानाएवढी जागा घ्या, फडकं ओलं करून अर्धा मिनिट टेकवून ठेवा, मग एकाच दिशेने ओढा आणि फडक्याची स्वच्छ बाजू पुढे आणा. गोल गोल घासलं की विरघळलेलं मेण फक्त इकडून तिकडे जातं. माझ्या ओट्याला तीन फेऱ्या लागल्या आणि फडक्यांचा ढीग झाला. ॲसिटोन प्लास्टिकच्या वस्तू, लॅमिनेट, लाकडाचं पॉलिश आणि सिंकच्या कडेचं सीलंट खराब करू शकतं, तेव्हा तिथे थेट ओतू नका. वापरलेली फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवा. टर्पेंटाइनची बोळा करून डब्यात कोंबू नका.

त्यानंतर बाटली घरात ठेवायचीच असेल तर तिच्यावरचं लेबल वाचा. 'चमक देणारा थर', 'मेणयुक्त', 'सिलिकॉनयुक्त' यातलं काही असेल तर ती ओट्यासाठी नाही.

नळाभोवतीची पांढरी खर

पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेला चुना, लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर एक लिटर पाणी दगडावर वाळल्यावर साधारण ०.३ ग्रॅम चुना मागे ठेवतं. ठिबकणारा नळ हे काम रात्रंदिवस करतो. म्हणून पहिला उपाय दगडावर नाही, नळाच्या वायसरवर.

साचलेली खर पात्यानेच काढा. कॅल्साइटची कठीणता ३, पात्याची त्याहून बरीच जास्त, आणि दगडाची पात्याहून जास्त. या क्रमामुळेच ही युक्ती ग्रॅनाईटवर चालते आणि संगमरवरावर चालत नाही. पृष्ठभाग ओला हवा आणि पातं नवं हवं. गंजलेल्या पात्याने गंजाचा डाग पडतो.

पात्याला न जुमानणाऱ्या पातळ पडद्यासाठी व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून, फडकं भिजवून तीन-चार मिनिटं टेकवून ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. ग्रॅनाईटच्या मुख्य खनिजांना एवढ्या वेळात काही होत नाही, पण काही दगडांत कॅल्साइटच्या बारीक शिरा असतात आणि सीलर, म्हणजे दगडात मुरवलेलं संरक्षक द्रावण, तेही आम्लाने कमकुवत होतं. त्यामुळे हा अधूनमधूनचा इलाज समजा. रोज पुसायला व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचा सल्ला घरोघरी फिरतो. तो काचेसाठी ठीक आहे, दगडासाठी नाही.

तीव्र आम्लाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. शौचालय साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल ओट्यावर किंवा फरशीवर ओतलं की चुना जातो हे खरं, पण ते काळ्या अभ्रकातलं लोहही सोडवतं आणि काही दिवसांनी दगडावर पिवळट-तांबूस छटा उमटते, जी काढणं फार अवघड. त्याहून वाईट म्हणजे गंज काढायची काही द्रावणं. त्यांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असू शकतं. सिलिकेट खनिजं खाऊ शकणारं हे एक मोठं अपवादात्मक आम्ल आहे. काही मिनिटांत चकाकी कायमची उडते. शिवाय त्वचेतून आत शिरून ते गंभीर इजा करतं, आणि वेदना उशिरा सुरू होते म्हणून माणूस गाफील राहतो. लेबलावर फ्लुओराइडचं नाव दिसलं की बाटली परत ठेवा.

सीलर लावल्यानंतर आलेला धुरकटपणा

'सीलर लावला आणि ओटा आणखी बिघडला' ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण साधं आहे. दगडात मुरणारा सीलर सिलेन, सिलोक्सेन किंवा फ्लुओरोपॉलिमरचा असतो. तो दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि पाणी-तेल आत जाण्याचा वेग कमी करतो. तो चकाकी देत नाही, ओरखडे थांबवत नाही, वर्षानुवर्षं टिकेल याची खात्री नाही. जेवढा दगडाने प्यायला तेवढाच कामाचा. वर उरलेला पुसून काढला नाही तर तोच वाळून चिकट, ढगाळ थर होतो.

ग्रॅनाईट मुळात फार कमी पितो. बांधकामातल्या ग्रॅनाईटसाठीच्या अमेरिकी एएसटीएम मानकात पाणी शोषणाची कमाल मर्यादा वजनाच्या ०.४० टक्के आहे. दाट काळे दगड त्याहूनही कमी शोषतात. अशा दगडावर दोन हात सीलर म्हणजे जवळपास सगळा सीलर वरच.

झालेल्या धुरकटपणावर उपाय असा: त्याच सीलरचा थोडा ताजा हात त्या भागावर द्या, दोन-तीन मिनिटांत जुना थर मऊ पडतो, मग कोरड्या फडक्याने जोर लावून सगळं पुसून काढा. काही जुनाट थरांना यातून काही होत नाही. तिथे सीलरच्या बाटलीवर सांगितलेलं विद्रावक किंवा ॲसिटोन.

सीलर हवा की नको, हे पाणीच सांगतं. स्वच्छ, कोरड्या दगडावर चमचाभर पाण्याचं डबकं करा आणि पंधरा मिनिटांनी पुसा. खाली गडद ठसा दिसला तर दगड पितो आहे, सीलर लावा. ठसा नसेल तर बाटली बंदच राहू द्या. लावण्याआधी दगड किमान एक दिवस पूर्ण कोरडा असायला हवा. ओल कोंडली गेली की त्याचाही ढगाळ डाग दिसतो.

गडद डाग

हा धुरकटपणाचा प्रश्न नाही, पण एकातून दुसरा निघतोच.

गडद डाग दोन दिवस कोरडा ठेवा. नाहीसा झाला तर पाणी होतं. राहिला तर बहुधा तेल. सिंकच्या कडेने चौकटीसारखा गडद पट्टा असेल तर वरून कितीही पुसा, उपयोग नाही. एकतर सिंकचा सांधा गळतो आहे आणि दगड खालून पाणी पितो आहे, किंवा सांध्यात भरलेल्या सीलंटमधलं तेलकट द्रव्य दगडात उतरतं आहे. पहिल्यात सांधा दुरुस्त करून वाळू द्यायचं. दुसऱ्यात ते सीलंट काढून, दगडावर डाग न पाडणारं म्हणून विकलं जाणारं उदासीन (न्यूट्रल) सिलिकॉन भरायचं. जवसाच्या तेलाची पुट्टी दगडाला लावली असेल तर तीही हाच गोंधळ करते.

वरून मुरलेल्या तेलासाठी लेप. पांढरी शोषक भुकटी घ्या, केओलिन किंवा खाण्याचा सोडा, आणि ॲसिटोन घालून दाट लोण्यासारखं कालवा. डागाच्या थोडं बाहेरपर्यंत, साधारण अर्धा सेंटिमीटर जाड लेप द्या, वर प्लास्टिकचा कागद, कडा चिकटपट्टीने बंद. चोवीस तासांनी प्लास्टिक काढा, पण लेप काढू नका. तो पूर्ण वाळू द्या. खरं काम वाळतानाच होतं: द्रावक दगडातून वर येतं, येताना तेल घेऊन येतं आणि ते भुकटीत अडकतं. ओला असतानाच लेप खरवडला की तेल आहे तिथेच राहतं, आणि मग 'लेपाने काही होत नाही' असं लोक म्हणतात. जुन्या डागाला तीन-चार लेप लागतात. पहिल्या लेपाने डाग जरा तरी फिका झाला तर चिकाटी धरा; तसूभरही हलला नाही तर डागाची जात चुकीची ओळखली आहे.

चहा, कॉफी, शाई अशा रंगीत डागांसाठी फिक्या दगडावर ॲसिटोनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड. ते रंग उडवतं, म्हणून काळ्या दगडावर नको. मुलतानी मातीही चांगलं शोषते, फक्त तिच्यात लोह असतं, तेव्हा ती आम्लासोबत कधीही कालवू नका. आणि कुठल्याही डागासाठी ब्लीच आणि अमोनिया एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आणि खरोखरच झीज असेल तर

ओट्यावर क्वचित, फरशीवर बऱ्याचदा. कारण वाळू. वाळूचे कण मुख्यतः क्वार्ट्झचे, म्हणजे ग्रॅनाईटच्या सगळ्यात कठीण घटकाइतकेच कठीण. चपलेखाली आलेला एक कण रोज शंभर वेळा घासला जातो. म्हणून दारातलं जाड पायपुसणं आणि पुसण्याआधी कोरडा झाडू, या दोन गोष्टी कुठल्याही पॉलिशपेक्षा फरशीला जास्त जगवतात. वाळूसकट ओला पोछा फिरवणं म्हणजे सॅंडपेपर ओला करून घासणं. ओट्यावर तोच गुन्हा तारेची घासणी आणि भुकटीचा क्लीनर करू शकतात.

संगमरवरासाठीची पावडर ग्रॅनाईटवर घासू नका. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्साइटशी क्रिया करून चमक आणतं. ग्रॅनाईटमध्ये ती क्रिया व्हायला पुरेसं कॅल्साइटच नसतं. फारच हलका मंदपणा असेल, म्हणजे टॉर्चशिवाय ओरखडे दिसत नसतील, तर टिन ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून, नमद्याच्या चकतीने, कमी वेगाने, सतत ओलं ठेवून काही फरक पडतो. हाताने घासून पडत नाही. मी दोन संध्याकाळी घालवून पाहिलंय, फक्त दंड दुखला.

दिसणारे ओरखडे असतील तर हिऱ्याच्या चकत्यांचा क्रम लागतो: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० (आकडा जितका मोठा तितकी चकती बारीक) आणि शेवटी चकाकी आणणारी बफची चकती. ओरखडा किती खोल त्यावर सुरुवात कुठून ते ठरतं, आणि मधला कुठलाही टप्पा गाळता येत नाही. ४०० ने काढायचे ओरखडे ८०० ने काढायला गेलात की ते चकाकीखाली तसेच राहतात आणि पूर्ण झाल्यावरच दिसतात. हातातल्या यंत्राने सपाट ओटा करताना दाब एकसारखा राहत नाही आणि खिडकीच्या उजेडात लाटा दिसतात. एका जागेचं काम केलं की ती जागा बाकीच्या ओट्याशी जुळत नाही, म्हणून हळूहळू सगळाच ओटा करावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: कडेची छोटी टवका गेलेली जागा स्वतः करून बघा, सपाट भाग अनुभवी कारागिराला द्या. त्याला विचारा की तो कितीपर्यंतच्या चकत्या वापरतो आणि आधी कोपऱ्यात नमुना करून दाखवेल का. 'अर्ध्या तासात आरसा करतो' म्हणणारा बहुधा मेण लावून जाणार आहे, आणि तुम्ही या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात परत याल.

काम ओलंच व्हायला हवं. ग्रॅनाईटच्या कोरड्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. तिने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, आणि १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पाणी आणि विजेचं यंत्र एकत्र आलं की विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच हवाच. घरात कोरडं घासायला आलेल्या माणसाला थांबवा, त्याच्याही भल्यासाठी.

फडकं काळं झालं होतं ना?

आता ते राहिलेलं प्रकरण. करड्या दगडाला गडद दाखवण्यासाठी काही वेळा रंग किंवा तेल पाजून विकतात. असा ओटा वर्ष-दोन वर्षांत ठिकठिकाणी फिका पडतो: जिथे आम्लाचे थेंब पडले, जिथे जोरात घासलं, जिथे ऊन येतं. तो थर वाटतो, पण पात्यावर काही येत नाही. ॲसिटोनच्या फडक्यावर काळा रंग आला की खात्री झाली. मात्र आधी साबण आणि अल्कोहोलने जागा नीट साफ करून मगच ही चाचणी करा, कारण जुना ओशट मळही फडकं काळं करतो. खरा रंग स्वच्छ केल्यावरही, दुसऱ्या आणि तिसऱ्या फडक्यावरही येत राहतो.

यावर चकाकीचा कुठलाच इलाज चालत नाही, कारण बिघडली आहे ती चकाकी नाही. दोन मार्ग आहेत. एक, दगडाचा रंग गडद करणारा, मुरणारा एन्हान्सर लावायचा. तो काही काळाने उतरतो आणि पुन्हा लावावा लागतो, आणि जास्तीचा पुसण्याचा नियम त्यालाही तितकाच लागू. दुसरा, ॲसिटोनने सगळाच रंग उतरवून खालचा करडा दगड स्वीकारायचा. माझ्या ओळखीत एकाने दुसरा मार्ग घेतला. दोन दिवस फडकी काळी होत राहिली, तिसऱ्या दिवशी बारीक रुपेरी ठिपक्यांचा करडा दगड निघाला, आणि त्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत.